धूरकरी

टेक्ससमध्ये शुक्रवारी संध्याकाळी काही पुरुष बदलतात. आठवडाभर लोकांचे दात, विम्याचे हप्ते नाहीतर कंपनीचे ताळेबंद सांभाळणारा माणूस घरी येतो, इस्त्रीचा शर्ट उतरवतो आणि ठिणग्यांनी चाळण झालेला एक टी-शर्ट अंगात चढवतो. हा टी-शर्ट बायकोने अनेकदा कचऱ्यात टाकलेला असतो आणि त्याने तितक्याच वेळा परत आणलेला असतो. त्या क्षणापासून रविवारी रात्रीपर्यंत तो दंतवैद्य नसतो, विमावालाही नसतो. तो धूरकरी असतो.

धूरकऱ्याला ओळखायला नाव विचारावं लागत नाही. त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस नसतात; ते चुलाणाच्या तोंडाशी केव्हाच जळून गेलेले असतात. गाडीच्या डिकीत स्टेपनीच्या जागी लाकडं असतात. ऑस्टिन असो, ह्यूस्टन असो की डॅलस, दर दोन-तीन गल्ल्यांमागे असा एक तरी आढळतोच. गुरांच्या छातीचा सहा-साडेसहा किलोचा अख्खा तुकडा, म्हणजे ब्रिस्केट, रात्रभर लाकडाच्या धुरावर शिजवायचा आणि दुसऱ्या दिवशी चाळीस माणसांना जेवू घालायचं, हे त्याचं व्रत. चाळीस जणांना एक तुकडा पुरत नाही, तीन लागतात. माणशी शिजलेलं अर्धा पौंड धरायचं, चरबी कापण्यात आणि पाणी उडण्यात जवळजवळ निम्मं वजन जातं, म्हणून कच्चं माणशी एक पौंड. हे गणित मला तोंडपाठ आहे, कारण कुंपणापलीकडच्या आमच्या शेजाऱ्याकडून ते मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन.

त्याची दुसरी आवडती माहिती शरीरशास्त्राची. आपल्या गळ्यापाशी आडवं हाड असतं, ते गुरांना नसतं. त्यामुळे अंगाचा निम्म्याहून जास्त भार छातीच्या या स्नायूंना पेलावा लागतो. जन्मभर ओझं वाहिलेलं हे मांस घाई केली तर दातांना दाद देत नाही. मंद आचेवर तासन्‌तास ठेवलं, की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि तेच चिवट मांस जिभेवर विरतं. हे तो पहिल्या भेटीत सांगतो. दुसऱ्या भेटीतही सांगतो. लिफ्टमध्ये गाठ पडली तर तेवढ्या वेळेपुरता सारांश सांगतो.

खरेदीपासूनच सोहळा सुरू होतो. मांसाच्या फडताळापुढे उभा राहून तो प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एकेक ब्रिस्केट उचलतो, मधोमध तळहातावर तोलतो आणि दोन्ही टोकं किती लवतात ते पाहतो. जे जास्त लवेल ते मऊ शिजेल, अशी श्रद्धा. शेजारी तसलाच दुसरा धूरकरी तेच करत असतो. दोघं एकमेकांच्या हातातल्या तुकड्याकडे बघतात, बोलत काहीच नाहीत, पण एकाने खाली ठेवलेला तुकडा दुसरा लगेच उचलून बघतो. मग ‘प्राइम’ घ्यावं की ‘चॉइस’ यावर स्वतःशीच झटापट. सरकारी प्रतवारीत ‘प्राइम’ वरची, चरबीची जाळी जास्त, भावही जास्त. घरी जाऊन तो बायकोला ‘चॉइस’चा भाव सांगतो.

मग त्याचं ते यंत्र. जुन्या प्रोपेन गॅसच्या टाकीला आडवं पाडून, मधून कापून, झाकण बसवून केलेला ऑफसेट स्मोकर. एका टोकाला आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं; आग एकीकडे, मांस दुसरीकडे, दोघांमध्ये फक्त गरम हवा आणि धूर. काही स्मोकर चाकांवर असतात आणि गाडीला जोडून न्यावे लागतात. असा स्मोकर घरापुढे उभा असला की गल्लीत रेल्वेचं इंजिन बिघडून थांबल्यासारखं वाटतं. सोसायटीची नोटीस येते. नोटीस देणारा सेक्रेटरी शनिवारी जेवायला येतो, आणि पुढची नोटीस येईपर्यंत सहा महिने जातात. विजेवर चालणारा, लाकडाच्या गोळ्या आपोआप टाकणारा पेलेट ग्रिल बाजारात मिळतो. तो वापरणाऱ्यांबद्दल धूरकरी वाईट बोलत नाही. तो फक्त “हं, तेही चालतं” एवढंच म्हणतो, आणि त्या ‘ही’त सगळं येतं.

त्याला इतिहासही असतो. मध्य टेक्ससमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक खाटीक येऊन वसले. दुकानात न खपलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरावर धरत आणि खाटकाच्या कागदात गुंडाळून विकत. लॉकहार्ट हे गाव म्हणजे त्याची काशी. टेक्ससच्या विधिमंडळाने रीतसर ठराव करून या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हटलं आहे. तिथलं क्रॉइट्झ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ सालचं. क्रॉइट्झच्या घरात भावाबहिणीत वाद झाला, जुनी इमारत एकीकडे राहिली आणि नाव दुसरीकडे गेलं. १९९९ साली दुकान नव्या जागेत हललं, तेव्हा जुन्या भट्टीतले धगधगते निखारे टबात घालून रस्त्यावरून ओढत नव्या भट्टीत नेले. ही गोष्ट सांगताना त्याचे डोळे पाणावतात. धुरामुळे, असं तो म्हणतो. वाटणीपत्रात घर, जमीन, दागिने यांच्या जोडीला विस्तवही येतो, हे ऐकून मात्र मलाही बरं वाटलं होतं.

लाकूड पोस्ट ओकचं. याबाबत तडजोड नाही. पश्चिम टेक्ससमध्ये मेस्कीट जाळतात, ते त्याच्या मते तापट लाकूड. थोडं चुकलं की कडवट. तरी मागच्या अंगणात त्याचीही एक रास असतेच, ‘प्रयोगासाठी’. शेजारच्या धूरकऱ्याची ही रास आमच्या सासूबाईंनी पाहिली आणि एक प्रकरण घडलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

सासूबाई माण तालुक्यातल्या. गळ्यात माळ. आयुष्याची पहिली चाळीस वर्षं चुलीपुढे गेलेली. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या. वेळेतल्या फरकामुळे त्यांना पहाटे दोनला जाग यायची आणि त्या खिडकीशी बसायच्या. एका शनिवारी सकाळी मला म्हणाल्या, “अगं, त्या समोरच्या माणसाला घरात घेत नाहीत का?”

मी म्हटलं, “का हो?”

“रात्रभर बाहेर खुर्ची टाकून बसलाय. मध्येच उठतो, विस्तवात लाकूड सारतो, परत बसतो. कुणाशी बोलत नाही. भांडण झालंय का नवराबायकोचं?”

मी सांगितलं की भांडण नाही, स्वयंपाक चाललाय. तो किती जणांचा, तर चाळीस जणांचा. सासूबाईंना ते पटेना. त्यांच्या गावच्या लग्नात एकटा आचारी चुलाणं पेटवून, पाचशे पानं बारा वाजता उठवून, एक वाजता घरी जाऊन झोपायचा; चाळीस माणसांसाठी रात्र जागवणारा आचारी त्यांच्या हिशोबात बसत नव्हता. दुपारी त्या कुंपणापाशी गेल्या, पदर खोचला, धुराड्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, “लाकूड ओलं आहे. धूर पांढरा येतोय.”

मी भीतभीत भाषांतर केलं. धूरकरी खुर्चीतून उठून उभा राहिला. या एका गोष्टीवर त्याने वर्षं घातली होती. कोंडलेली किंवा ओली आग दाट पांढरा धूर सोडते आणि तो मांसाला कडू करतो. कोरडं लाकूड, मोकळी हवा, धगधगीत पण लहान आग असली की पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा धूर येतो, आणि तोच हवा. पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून मिळवलेलं हे ज्ञान नऊवारीतली एक बाई वीस फुटांवरून सांगत होती. त्याने तिला आदराने सगळं दाखवलं: पेटी, झडप, लाकडांच्या राशी. मेस्कीटच्या राशीपाशी सासूबाई थांबल्या. काटा पाहिला, साल नखाने खरवडली आणि म्हणाल्या, “ही तर आपली वेडी बाभूळ. बांधाबांधावर माजलीय नुसती. कोळसा पाडतात हिचा.” आणि खरंच आहे ते, दोन्ही एकाच कुळातली झाडं. तिकडे ती फुकट मिळते हे ऐकल्यावर धूरकरी बराच वेळ गप्प होता. माण तालुक्यात घराला काय पडतं, हे त्याने माझ्या नवऱ्याला नंतर हळूच विचारलं.

झाकणाखाली काय आहे ते सासूबाईंनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

पण त्यांचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आता धूरकऱ्याकडे पाहताना मला वाटतं, त्यांनी बरोबर ओळखलं होतं, फक्त कारण उलटं होतं. त्याला घराबाहेर कुणी काढलेलं नसतं. त्याने स्वतःच बाहेर राहायची सोय केलेली असते. एरवी चाळिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस शनिवारी पहाटे तीन वाजता अंगणात आगीपुढे एकटा बसला तर लोक डॉक्टरचा नंबर देतील. चाळीस माणसं जेवायला येणार आहेत म्हटलं की सगळे त्याला नावाजतात. गर्दी हा परवाना आहे. त्या रात्री त्याला कुणी डबा भरायला सांगत नाही, कुणी गणित शिकवायला बोलावत नाही, सासरचा फोन आला तर “ते आगीपाशी आहेत” एवढ्यावर भागतं.

आगीपाशी तो करतो काय? आकडे बघतो. आत हवेचं तापमान २२५ ते २७५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान ठेवायचं. झाकणावरच्या तबकडीवर कधीच विश्वास ठेवायचा नाही, असं सांगत तो दर पाच मिनिटांनी तिच्याकडे पाहतो. मांसात खुपसलेल्या सळईची तार फोनला जोडलेली असते. झाकण उघडू नये, उघडणाऱ्याचं शिजत नाही, ही त्यांच्यातली म्हण त्याने पाटीवर कोरून घेतली आहे. ती पाटी वाचायला जायचं म्हणून तो झाकण उघडतो.

पहाटे केव्हातरी ते संकट येतं. मांसाचा पारा चढत चढत १६० अंशांच्या आसपास येतो आणि थांबतो. तासभर, दोन तास, कधी चार-पाच तास. आग तीच, लाकूड तेच, पण काटा हलत नाही. याला ‘स्टॉल’ म्हणतात. नवखा धूरकरी इथे घाबरतो, आग वाढवतो, थर्मामीटरच्या बॅटऱ्या बदलतो, देवाला हाक मारतो. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं की यात चमत्कार नाही: मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, जितकी आग देते तितकीच पाणी नेतं. थोडक्यात, मांसाला घाम फुटतो. मांसाला आणि धूरकऱ्याला एकाच वेळी फुटतो, हे त्या शास्त्रज्ञाने नोंदवलेलं नाही.

उपाय असा की मांस गुंडाळायचं, म्हणजे पाणी उडायचं थांबतं. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळलं तर लवकर होतं, पण वरचा काळा खरपूस थर, ज्याला ते ‘बार्क’ म्हणतात, तो मऊ पडतो. कर्मठ लोक या युक्तीला ‘टेक्ससची कुबडी’ म्हणतात. म्हणून हल्ली गुलाबीसर बुचर पेपर. तो श्वास घेतो. ही रीत ऑस्टिनच्या ॲरन फ्रँकलिनमुळे घरोघर पोहोचली. फ्रँकलिनने २००९ साली एका ट्रेलरमध्ये दुकान मांडलं आणि २०१५ साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळवला. त्याच्या दारात सकाळपासून रांग लागते. आमचा धूरकरी म्हणतो, घरी इतकं चांगलं होत असताना रांगेत कोण उभं राहील. आणि मग त्या रांगेतले बारकावे इतके सांगतो की किती वेळा उभा राहिला असेल याचा अंदाज येतो. २०१४ साली ओबामांनी तिथली रांग मोडली आणि मागच्या कुटुंबाचं बिल भरून टाकलं. धूरकरी कुठल्याही पक्षाचा असो, राष्ट्राध्यक्षांची बाकी धोरणं त्याला मान्य असोत-नसोत, ती रांग त्याने अजून माफ केलेली नाही.

इकडे बायकोचा स्वयंपाक वेगळाच चाललेला असतो. तिने पाहुण्यांना पाचची वेळ दिलेली असते, कारण साडेसातला जेवण मिळेल हे तिला ठाऊक असतं. फ्रीजमध्ये मागे, कुणाला दिसणार नाहीत अशी, हॉट डॉगची चार पाकिटं. नवऱ्याला याचा पत्ता नसतो, किंवा असला तरी तो तसं दाखवत नाही. संसार असाच टिकतो.

पाच वाजता माणसं येतात. सहा वाजता बटाट्याचे वेफर्स संपतात. सहा वाजून वीस मिनिटांनी धूरकरी अंगणातून ओरडतो, “झालं!” चाळीस माणसं उठून उभी राहतात. पारा २०३ वर आलेला आहे, सळई लोण्यात शिरावी तशी शिरते आहे, तुकडा हलवला की थरथरतो आहे. तो तीनही गोळे दोन हातांत धरून आणतो, पाहुण्यांच्या मधून नेतो, आणि सहलीला न्यायच्या बर्फाच्या पेटीत, बर्फ काढून, घरातल्या उत्तम टॉवेलांत गुंडाळून ठेवतो. झाकण लावतो. त्यावर बसतो.

“आता विश्रांती,” तो म्हणतो. “निदान तासभर.”

शिजलंय, पण खायचं नाही. गरम गरम कापलं तर सगळा रस पाटावर सांडेल. थोडं निवू दिलं की तो घट्ट होऊन आत राहतो. हे शास्त्राला धरून आहे, पण भुकेल्या माणसाला शास्त्र सांगायची एक वेळ असते आणि ती ही नव्हे. एक आजोबा पेटीकडे बघत म्हणाले की त्यांचं बायपास यापेक्षा लवकर झालं होतं. याच वेळी बायको हॉट डॉगची पाकिटं काढते, पोरांचा तांडा तिच्यामागे जातो, आणि धूरकरी तिकडे पाठ फिरवून बसतो.

टेक्ससमध्ये हा खेळ मोठ्या माणसांनीही खेळलाय. १९६३च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर एरहार्ड यांना आपल्या गावी बार्बेक्यूला बोलावलं. थंडी इतकी, की जेवण स्टोनवॉलच्या शाळेच्या व्यायामशाळेत हलवावं लागलं. परराष्ट्र धोरण बास्केटबॉलच्या जाळीखाली पार पडलं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठात तर ‘कॅम्प ब्रिस्केट’ नावाचं शिबिर भरतं आणि तिथे प्राध्यापक मंडळी हाच तुकडा कसा कापावा, कसा शिजवावा, हे शिकवतात. तिथे प्रवेश मिळाल्याचं पत्र आमच्या धूरकऱ्याने भिंतीवर लावलंय. त्याची पदवी कुठे आहे ते त्यालाही सांगता येत नाही.

कापणं हा उत्तरार्ध. अंगणातले दिवे लावतात. फोन वर येतात. ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू, सपाट तो ‘फ्लॅट’ आणि जाड, चरबीचा तो ‘पॉइंट’. दोघांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, म्हणून मध्येच तुकडा फिरवून आडवं कापावं लागतं. काप पेन्सिलीच्या जाडीचा. पहिला काप तो बोटावर टांगतो: तो वाकला पाहिजे, तुटता कामा नये. वाकला. टाळ्या पडतात. आणि ज्याने रात्र जागवली तो माणूस खाली बघत म्हणतो, “यंदा फ्लॅट जरा कोरडा झालाय.” हे वाक्य चाळीस जणांनी खोडून काढायचं असतं. एकानेही टाळाटाळ केली तर त्याचं नाव पुढच्या यादीत नसतं.

दोन चुका कुणी करू नयेत. पहिली, कडेचा गुलाबी पट्टा पाहून “कच्चं राहिलंय का?” विचारणं. तो धुरातल्या वायूंनी मांसातल्या रंगद्रव्याशी केलेला करार असतो, आणि त्याचं स्पष्टीकरण ऐकेपर्यंत ताट गार होतं. दुसरी, सॉस मागणं. मीठ आणि मिरपूड, याखेरीज त्याने त्या तुकड्याला काही लावलेलं नसतं. सॉस मागणं म्हणजे त्याच्या रात्रीवर अविश्वास दाखवणं. बाटली असते घरात. ती सिंकच्या खाली, फरशी पुसायच्या औषधाजवळ ठेवलेली असते.

आम्हा शाकाहारी मंडळींची त्याने मनापासून व्यवस्था केलेली असते. कणसं, कच्चा कांदा, लोणच्याची काकडी, पांढरा पाव. आणि पहिल्या वर्षी मोठ्या प्रेमाने बीन्सचं पातेलं माझ्यापुढे सरकवत म्हणाला, “हे खास तुमच्यासाठी. पूर्ण व्हेज.” मी वाढून घेणार, तेवढ्यात प्रामाणिक माणूस तो, पुढे म्हणाला, “चवीपुरती थोडी ब्रिस्केटची कापणावळ टाकलीय, बस.” तेव्हापासून माझी कणसांशी चांगली ओळख आहे.

तो स्वतः खात नाही. रात्रभर आणि दिवसभर धूर पिऊन त्याची भूक मेलेली असते. हातात सुरी घेऊन तो फक्त तोंडं बघतो, घास तोंडात गेल्यावर डोळे मिटतात की नाही ते बघतो. नऊच्या सुमारास, सगळे पांगल्यावर, मी त्याला उभ्या उभ्या एक गार हॉट डॉग खाताना पाहिलंय. आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

उरलेलं मांस वाटलं जातं. आमच्याकडे कुणी खात नाही म्हणून आमचा वाटा आमच्या वसईच्या मैत्रिणीकडे गेला. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गोमांस शिजतं आणि माहेरहून येणारा बाटली मसाला तिच्याकडे वर्षभर पुरतो. रविवारी दुपारी तिने त्या रात्र जागवून केलेल्या ब्रिस्केटचे बोटभर तुकडे केले, कांदा परतला, मसाला टाकला, रस्सा केला आणि एक डबा शिष्टाचार म्हणून धूरकऱ्याला नेऊन दिला. मी सोबत होते. त्याने झाकण उघडलं, लाल रश्शात बुडालेलं आपलं कर्तृत्व पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. सभ्य माणूस, एक घास घेतला. मग दुसरा. मग खुर्ची ओढून बसला, पाव मागवला, डबा निपटून काढला, आणि खिशातून वही काढून मैत्रिणीला म्हणाला, “किती तास लागले?”

“वीस मिनिटं.”

त्याने वही तशीच धरून ठेवली. “आणि तापमान?”

“उकळी फुटली की गॅस बंद,” ती म्हणाली.